हातवाऱ्यांची गल्ली

तापातून उठल्यावर इस्त्रीमावशीला आधी वाटलं, गल्लीच गप्प झालीय. मग तिने इस्त्री टेबलावर मुद्दाम आपटून पाहिली. आवाज नाही. डॉक्टरांनी तपासलं आणि नुसती मान हलवली. कान कायमचे गेले होते.

तिने कुणाला सांगितलं नाही. नवरा गेलेला, मुलगा दूरच्या शहरात, आणि एकाच खोलीत दुकान नि संसार. बहिरी म्हटल्यावर गिऱ्हाईक टिकेल का, ही धास्ती. समोरच्याचे ओठ हलले की ही हसून "हो, हो" म्हणायची आणि वेळ मारून न्यायची.

ते एकदा अंगाशी आलं. कोपऱ्यावरच्या फुलवालीने नवऱ्याचा सदरा देताना बजावलं होतं, "खळ घालू नकोस गं, त्यांची मान सोलवटते." मावशी म्हणाली, "हो, हो." सदरा असा कडक झाला की जमिनीवर ठेवला तर आपला आपण उभा राहील. फुलवाली आधीच फटकळ. तिने दुकानात येऊन जे तोंड सोडलं, ते गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेलं. मावशीला मात्र दिसत होतं फक्त उघडमीट करणारं तोंड. तिचा बांध फुटला.

"मला ऐकू येत नाही गं," ती म्हणाली. "काहीच नाही."

फुलवाली आयुष्यात पहिल्यांदाच अशी अर्ध्यावर थांबली असेल. सदरा उचलून ती निघून गेली. मावशीने ओळखलं, आपलं दुकान बसलं.

दुसऱ्या दिवशी तोच सदरा धुऊन फुलवाली पुन्हा हजर. तिने ओठावरच्या नसलेल्या मिशीला पीळ दिला, म्हणजे नवरा. मग मान ताठ करून ओंडक्यासारखी चार पावलं चालली आणि दोन्ही हातांनी नको नको केलं. मावशीला इतकं हसू आलं की डोळे पुसावे लागले.

तिथून ते गल्लीभर पसरलं. कान पिरगाळला की मास्तर. डोक्यावरून तळवा फिरवला की टकलू शिंपी. गाल फुगवले की बेकरीवाला, आणि तो समोर असला तर जरा कमी फुगवायचे.

फुलवालीची थोरली जाऊ दूध विकायची. सामाईक भिंतीवरून दोघींचं बिनसलं होतं आणि कित्येक वर्षं बोलणं बंद होतं. एकदा दोघी एकाच वेळी दुकानात आल्या. जाऊ मावशीला खुणेने सांगत होती, लेकीला दिवस गेलेत. फुलवालीने ते पाहिलं आणि न राहवून हाताने विचारलं, कितवा? जावेने बोटं दाखवली. मग रोजच हात चालू झाले.

"बोलणं बंद आहे ना तुमचं?" मास्तरांनी चिडवलं.

"मग? बोलतंय कोण!" फुलवाली म्हणाली.

लेकीची सुटका झाली तेव्हा जाऊ धावतच आली. फुलवालीच्या दोन्ही हातांत फुलांच्या पाट्या होत्या, खूण करणार कशी? तिच्या तोंडून निघून गेलं, "सुखरूप ना हो, ताई?"

"दोघंही!" म्हणत जाऊ रडायलाच लागली.

मावशीच्या दुखण्याचं मुलाला फार उशिरा कळलं. तो तडक आला, तिला घेऊन जायलाच. फोनवर मोठ्या अक्षरांत लिहून त्याने तिच्यापुढे धरलं: इथे एकटी कशी राहशील? बोलायला कोण आहे?

"तुझ्याकडे कोण आहे रे?" मावशी म्हणाली. "तू नि सूनबाई दिवसभर कामावर. इथे मला बोलून बोलून हात दुखतात."

तेवढ्यात फुलवाली दारात आली. मुलाकडे पाहून तिने मनगटावर घड्याळ बघितल्यासारखं केलं आणि भुवया उडवल्या. मावशीने मान डोलावली.

"हे काय?" मुलाने विचारलं.

"तू," फुलवाली म्हणाली. "तुझ्या आईने ठेवलेली खूण. सारखा घाईत असतोस म्हणे."

तो ओशाळला, मग हसला. त्याने परतीचं तिकीट पुढे ढकललं. संध्याकाळपर्यंत शिंप्याने त्याला निम्मी गल्ली हातावर शिकवली होती. रात्री जेवताना त्याने फोन बाजूला ठेवला आणि आईला, अडखळत का होईना, हातांनी विचारलं, दमलीस का?

मावशीने हातांनीच सांगितलं, नाही रे. अजून बोल.