मी नेलेले खिळे
रॉकेलचा वास आला की आदिलाबादचा छापखाना आठवतो. तिथे मी रॉकेलने अक्षरांचे खिळे धूत असताना, खिळे जुळवणाऱ्या म्हाताऱ्या काकांनी शिशाचा ‘ळ’ माझ्या तळहातावर ठेवला. “घाई काऊन करून राह्यला? त्याची गोलाई पाह्य.” त्या दिवशी मला अक्षर पहिल्यांदा सुंदर दिसलं. पुढे जिल्हा आंध्रात गेला, मराठी छपाई थांबली आणि मालकांनी ते खिळे वितळवायला काढले. मला ते बघवेना. मूठमूठ करून मी ते घरी नेले. वजन कमी भरलं तेव्हा मालकांनी आम्हा दोघांना जाब विचारला. “मीच नेले,” काका म्हणाले, “याले अक्षराची पारख कुठं हाय?” त्यांची नोकरी गेली आणि मी गप्प राहिलो. काका आता नाहीत, पण बेल्यात, त्यांच्या गावी, अजून त्यांना चोर म्हणतात. उद्या त्यांच्या मुलीच्या दारात ते खिळे ठेवून मी सगळ्यांसमोर सांगणार आहे की चोर मी होतो.