एकाच जागेचे दोन अर्ज

दुबईत अल नहदाहून सिलिकॉन ओएसिसला मॅडम रोज माझ्या गाडीतून कामाला येत. कोणतंही काम संपलं की "खलास" म्हणून चष्मा पुसत. युरोपातल्या एका संशोधन नेटवर्कच्या पीएचडी फेलोशिपसाठी त्यांनी बेचाळिसाव्या वर्षी, तिसऱ्यांदा अर्ज केला होता. जागा एकच होती.

शेवटच्या तारखेला मागच्या सीटवरून त्यांची ज्युनिअर म्हणाली, "मॅम, माझा फेलोशिपचा फॉर्म बघता?" जागा तीच होती. त्यांनी लॅपटॉप मांडीवर घेतला.

"शिफारसपत्रं दोन लागतात, तू एकच जोडलंयस. यल्ला, चल लवकर, सरांना फोन लाव."

ती उतरल्यावर मी विचारलं, "तुमचाही अर्ज आहे, हे का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तिने भरलाच नसता."

त्यांनी चष्मा पुसला. खलास म्हणाल्या नाहीत.