भाऊंच्या माश्या आणि माझा तुरुंगवास

माझे वडील निवृत्त झाल्यावर माश्या बांधत असत.

लग्नाआधी मी हे सासऱ्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी 'माश्या मारतात' असं ऐकलं आणि समजूतदारपणे मान हलवली. निवृत्त माणसानं दुसरं काय करायचं? पण भाऊ (वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो) खरोखरच माश्या बांधायचे. नखाएवढ्या गळावर पिसं, केस आणि रेशीम गुंडाळून ते अशी माशी तयार करत, की ती टेबलावर दिसली की आई सवयीनं पंख्यानं हाकलायला जाई. ही माशी लांब दोरीच्या टोकाला बांधून नदीच्या पाण्यावर अलगद टाकायची. माशाला वाटतं किडा पडला. तो तोंड उघडतो आणि फसतो.

ही विद्या भाऊंना त्यांच्या फोर्टातल्या कचेरीतल्या साहेबानं दिली होती. स्वराज्य आलं, साहेब गेला, आणि जाताना बांबूच्या पट्ट्यांची तीन तुकड्यांत निघणारी काठी, पितळी रीळ आणि माशी बांधताना गळ पकडून ठेवणारा एक छोटा शिकंजा आपल्या हेडक्लार्कला देऊन गेला. आम्ही ठाकुरद्वारचे पाठारे प्रभू. मासा न खाणारा जावई आमच्यात कुणी उभा केला नसता. पण मासा स्वतः जाऊन धरणारा माणूस आमच्या सात पिढ्यांत हा पहिलाच. नातेवाईक याबद्दल हळू आवाजात बोलत.

भाऊ नदीवर जात ते फक्त थंडीत. पावसाळ्यात पाणी गढूळ असतं, तेव्हा मासा काहीही गिळतो, त्यात काय मोठेपणा, असं त्यांचं म्हणणं. पौषात कर्जतच्या पुढं नदी काचेसारखी होते. तळातला खडा न् खडा दिसतो, आणि मासाही आपल्याला बघत असतो. तेव्हा त्याला फसवायचं तर माशी अस्सल हवी, आणि माशी अस्सल हवी तर सामान अस्सल हवं. या सामानापायी आमचं घर हळूहळू उसवत चाललं होतं. देवघरातला मोरपिसांचा कुंचा आधी विरळ झाला, मग त्याची नुसती मूठ उरली. माझ्या दाढीच्या ब्रशाला एका बाजूनं टक्कल पडलं. आणि एका लग्नाला निघताना आईनं शालू उलगडला, तर पदराच्या कोपऱ्यातली वीतभर जर गायब होती. (ती पुढं एका माशीच्या पोटावर सापडली. आईनं ती माशी शालूसकट ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं.)

मी ज्या हिवाळ्याबद्दल सांगतोय, त्या हिवाळ्यात भाऊंचे पाय सुजले होते. दोन जिने चढले की ते दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला धरून उभे राहत आणि खालची रहदारी बघत असल्याचं नाटक करत. डॉक्टर तपासून गेले तेव्हा मी त्यांना पोचवायला खाली उतरलो. ते म्हणाले, "पुढचा हिवाळा धरून चालू नका." मी विचारलं, मग नदीवर नेऊ का? ते म्हणाले, खुर्चीत बसवून न्यायला लागलं तरी न्या.

मी तोवर कधी भाऊंबरोबर गेलो नव्हतो. दर वर्षी ते विचारत आणि दर वर्षी मला बँकेचं काम असे, मॅच असे, किंवा नुसती झोप असे. यंदा मी आपण होऊन म्हटलं, रविवारी जाऊ. भाऊंनी उठून काठीचे तीन तुकडे तेलाच्या फडक्यानं पुसायला घेतले.

शनिवारी दुपारी त्यांनी मला एकच काम सांगितलं. त्यांच्या हुकमी माशीला तांबड्या कोंबड्याच्या मानेची पिसं लागत, आणि ती संपली होती. बाजारातली कोंबडी कोवळी, तिची पिसं पाण्यात लोळागोळा होतात. पिकलेला, जुना कोंबडा हवा आणि तोही थंडीतला, कारण तेव्हा पिसाला चकाकी आणि ताठपणा असतो. असा एक कोंबडा वरळी कोळीवाड्यात हिराबाई कोळणीकडे आहे, तिला माझं नाव सांग, दहा पिसं माग आणि सरळ घरी ये. 'सरळ घरी ये' हे त्यांनी दोनदा सांगितलं, कारण ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. रोज कुठं ना कुठं मोर्चा निघे, लाठी चाले. गोळीही चालली होती, माणसं गेली होती. मला चळवळ मान्य होती. पण ती मी गॅलरीतून मान्य करत असे.

हिराबाई जाळं विणत बसली होती. मी भाऊंचं नाव सांगितलं, दहा पिसं मागितली. कोंबडा समोरच्या होडीवर उभा होता. तांबडा, जाडजूड, मानेला तांब्याच्या तारेसारखी झळाळी. मी हात पुढं केला मात्र, हिराबाई कडाडली, "जित्या कोंबऱ्याची पिसां उपटतंस? न्यायचा तं अख्खा ने." मी तिला विज्ञान समजावण्याचा प्रयत्न केला. तिनं कोंबड्याचे पाय सुतळीनं बांधले आणि तो माझ्या काखेत दिला. भाऊ दर वर्षी तिला नदीतला मासा आणून देतात, कोळणीला कुणी मासा आणून देणारा तेवढा एकच माणूस, असं ती म्हणाली. एक पैसा घेतला नाही.

बाहेर आलो तर बस बंद. परळला ट्राम मिळेल म्हणून चालत निघालो. कोंबड्यानं प्रभादेवीपर्यंत माझ्या शर्टाची एक बाजू पूर्ण वापरली. परळला ट्रामही बंद. लालबागला पोचलो तेव्हा समोरून मोर्चा आला आणि मागून पोलिसांच्या गाड्या. मी भिंतीला चिकटलो, पण मोर्चाला भिंतीचाही भाग लागत होता. दोन मिनिटांत मी गिरणी कामगारांच्या तिसऱ्या रांगेत होतो आणि 'झालाच पाहिजे' असं ओरडत होतो. (तिथं दुसरं काही ओरडणं शक्य नव्हतं.) तेवढ्यात लाठी सुरू झाली. रेटारेटीत सुतळी सुटली आणि कोंबडा एका फौजदाराच्या छातीवर जाऊन बसला. तो नुसता बसला असता तरी चाललं असतं. त्यानं फौजदाराच्या कानाची पाळी धरली.

अशा रीतीनं पोलिसांवर कोंबडा सोडल्याबद्दल मला अटक झाली.

गाडीत माझ्या शेजारी गावकर नावाचा एक गिरणी कामगार होता. मालवणी माणूस, बोलणं कमी. त्यानं माझ्या कपाळावरचं रक्त स्वतःच्या टोपीनं पुसलं. त्याचा धाकटा भाऊ आधीच्या एका गोळीबारात गेला होता, हे मला गाडीतल्या दुसऱ्या कुणीतरी सांगितलं. चौकीत पंचनामा झाला. 'एक कोंबडा, तांबडा, जिवंत' अशी मुद्देमालात नोंद झाली. मग फौजदार कानाला फडकं लावून आला. त्यानं माझा शर्ट, चष्मा, पायातले बूट निरखले आणि बऱ्या आवाजात म्हणाला की तुम्ही यातले दिसत नाही. मोर्चाशी माझा संबंध नाही, एवढी एक ओळ लिहून द्या आणि घरी जा.

समोर कागद होता. संध्याकाळचे सहा वाजले होते. ती ओळ लिहिली असती तर मी साडेसातला ठाकुरद्वारला असतो. पण कोठडीतली चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती, आणि माझ्या वतीनं गावकर शांतपणे म्हणाला, "ह्यो काय लिवन देवचो नाय."

मी टाक खाली ठेवला. माझ्या मनात त्या वेळी महाराष्ट्र नव्हता. भाऊही नव्हते. मागे बसलेली चाळीस माणसं काय म्हणतील, एवढंच होतं. एक रात्र काढू, सकाळी सोडतील, रविवार नाही तर सोमवारी जाऊ, असा माझा हिशेब. मॅजिस्ट्रेटनं पंधरा दिवस दिले.

तुरुंगात पाचव्या दिवशी मी गावकरला सगळं सांगितलं. कोंबडा, माशी, नदी, भाऊंचे पाय. मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. म्हणाला, "मगे तू जाऊक व्हया हुतंस रे." आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. पंधरा दिवसांत मला ऐकवलेलं तेवढं एकच कठोर वाक्य, आणि ते त्यानं प्रेमानं म्हटलं होतं.

सुटल्यावर मी आधी चौकीत गेलो आणि मुद्देमाल परत मागितला. हवालदारानं रजिस्टर उघडून गंभीरपणे वाचलं की कोंबडा तिसऱ्या दिवशी मयत झाला. कशानं, ते लिहिलेलं नव्हतं. पण हवालदार मान वर करेना. मी म्हटलं, मला निदान पिसं हवीत, वडील आजारी आहेत. तो आत गेला, खूप वेळानं आला आणि लाखेचं सील मारलेलं एक पाकीट त्यानं माझ्या हातात ठेवलं. पाकिटावर गुन्हा क्रमांकही होता.

चाळीच्या दारात मला हार घातले. बायकांनी ओवाळलं. खालच्या मजल्यावरचे मास्तर बोलायला उभे राहिले आणि ऐन तारुण्यात ज्यांनी घरादाराची पर्वा केली नाही, असं म्हणून माझ्याकडे हात केला. मी मान खाली घातली, तर लोकांना तो विनय वाटला. माझी बायको नलू तेवढी टाळ्या न वाजवता उभी होती. तिच्या तोंडाकडे पाहूनच मला कळलं की वर जायला हवं.

भाऊ अंथरुणाला लागले होते. मी पाकीट फोडलं आणि पिसं त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली, चष्मा लावून एकेक फिरवून पाहिली. मग म्हणाले, "अरे, ही पांढऱ्या कोंबडीची आहेत. शेपटीची." आणि तरीही त्यांनी ती नीट डबीत ठेवली.

घरी आल्यावर पाचव्या दिवशी, आई स्वयंपाकघरात असताना, मी त्यांना सांगून टाकलं की मला एका ओळीवर सोडत होते, आणि ती ओळ मी लिहिली नाही. देशासाठी नाही, लाजेखातर. ते डोळे मिटून पडले होते. तसंच पडून त्यांनी सांगायला सुरुवात केली. त्याच शनिवारी संध्याकाळी पोलीस शिपाई घरीही आला होता. वडिलांनी हमीचा कागद दिला तर मुलाला रात्रीच सोडतो, असा निरोप घेऊन. पिशवी भरलेली होती, काठी दाराशी होती. पण बातमी शिपायाच्या आधी पोचली होती. सगळी चाळ गॅलरीत जमली होती, मास्तर भाऊंचा हात हातात घेऊन उभे होते. भाऊंनी शिपायाला सांगितलं की माझ्या मुलानं केलं ते विचार करूनच केलं असेल, मी सही करणार नाही. टाळ्या पडल्या.

"मला ठाऊक होतं तू पिसांना गेलायस ते," भाऊ म्हणाले. "पण एवढी माणसं बघत होती रे."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि हसायला लागलो. ते हसता हसता खोकायला लागले, मी त्यांना उठवून पाठ चोळली, तरी दोघांचं हसणं थांबेना. आई पळीसकट बाहेर आली आणि काय झालं विचारू लागली. दोघांपैकी कुणीच सांगितलं नाही. मी भाऊंना धरून इतका वेळ कधी बसलो नव्हतो. त्यांची हाडं हाताला लागत होती.

मग पुढचे पंधरा दिवस रोज संध्याकाळी ते मला नदी सांगायचे. कर्जतच्या पुढं कुठं उतरायचं, पायवाट कुठं फुटते. त्यांची जागा एका वळणावर होती. तिथं काठावर वाकलेला उंबर, त्याच्या खाली पाण्यात शिरलेला सपाट काळा कातळ. कातळावर उभं राहायचं, सावली मागं पडेल असं. खडस मासा तिथंच असतो, उंबराची फळं पडायची वाट बघत. हाताची हालचालही शिकवली. गादीत पडल्या पडल्या मनगट मागं, थांब, पुढं. 'थांब' वर त्यांचा फार जोर होता. मी घाई करतो, असं ते म्हणत. माघ संपायच्या आत ते गेले. त्या रात्री त्यांनी काही सांगितलं वगैरे नाही. झोपेतच गेले.

पुढच्या पौषात मी बँकेतून रजा काढली आणि एकटाच गेलो. काठी, रीळ, आणि शेपटीच्या पांढऱ्या पिसांची, मी स्वतः बांधलेली एक माशी. (नलूनं ती पाहून विचारलं होतं की हा कापूस कुठं लागलाय.) पायवाट सापडली. नदी तशीच होती, काचेसारखी. पहिल्याच वळणावर वाकलेला उंबर आणि काळा कातळ दिसला आणि मी घाईनं खाली उतरलो. कातळावर उभा राहून काठी जोडता जोडता मी सहज पुढं पाहिलं. पुढच्या वळणावरही उंबर होता. काळा कातळही होता. त्याच्या पुढच्या वळणावरही. त्या नदीला, निदान माझ्या पायांनी साथ दिली तिथवर, दर वळणाला एक उंबर आणि एक कातळ आहे. यातला भाऊंचा कुठला, हे सांगायला आता कुणी नव्हतं. खूण विचारायचं मला त्या पंधरा संध्याकाळींत सुचलं नाही.

शेवटी चौथ्या वळणावर उभा राहिलो, कारण पाय दुखायला लागले होते. मनगट मागं, पुढं. थांबायचं राहिलंच. माशी उंबराच्या फांदीत. वर चढलो, सोडवली. पुन्हा मागं, पुढं. पुन्हा उंबर. तिसऱ्यांदा माझीच टोपी. चौथ्यांदा उंबराच्या इतक्या वरच्या शेंड्यात, की मी नुसता दोरी धरून उभा राहिलो आणि चष्मा पुसायला लागलो. तो पुसला तरी साफ होईना.

पाणी भरायला आलेली एक ठाकरीण बराच वेळ हंडा कमरेवर घेऊन बघत होती. मी दोरीला हिसके देतोय, नाक ओढतोय, हे तिनं सगळं पाहिलं. तिला माझी दया आली असावी. जवळ आली आणि लहान मुलाला सांगावं तसं हळूच म्हणाली,

"पावनं, रडू नका. मासा पान्यात असतोय, झाडाव नसतोय."