चार बोटं जागा

दोन शेजारच्या शहरांमधल्या त्या बसवर कंडक्टरबाईंची एकोणीस वर्षं गेली होती. कोण कुठल्या वळणावर पेंगतो, कोणाचं कोणाशी वाजलंय म्हणून दोघं एका बाकावर बसत नाहीत, सगळं त्यांना तोंडपाठ. ड्रायव्हर मात्र येत-जात राहिले. आत्ताचा ड्रायव्हर हाताला पक्का, पण स्वतःच्या आरशापलीकडे कोणावर भरवसा न ठेवणारा. बाई त्याच्या माघारी त्याला ‘आरसेवाले’ म्हणत, आणि त्याला ते ठाऊक होतं.

मग नव्या बसगाड्या आल्या. दिसायला देखण्या, पण लांबच लांब. चढावरच्या शेवटच्या थांब्यावर बस मागे घेऊन वळवावी लागे. समोर बंद कारखान्याची भिंत, बाजूला दुकानांची रांग आणि मागे सार्वजनिक नळाचा दगडी ओटा. ऑफिसातून दोन माणसं टेप घेऊन आली, भिंतीपासून ओट्यापर्यंत मोजलं, जागा दोन हात कमी पडते म्हणाली आणि चहा पिऊन गेली. दुसऱ्या दिवशी कागद लागला: पुढच्या महिन्यापासून बस खालच्या तिठ्यावरूनच परत फिरेल.

तिठ्यापासून वरपर्यंत दीड किलोमीटर उभा चढ होता. बाईंचं घर वरच्याच वस्तीत होतं; त्या तो चढल्या असत्या. पण त्यांच्या सासूबाईंना आठवड्यातून दोनदा मोठ्या शहरातल्या इस्पितळात उपचारांना जावं लागे आणि दारातला जिना उतरतानाच त्यांना तीनदा थांबावं लागे. धाकट्या दिरांनी इस्पितळाजवळच्या आपल्या घरात त्यांच्यासाठी एक खोली रिकामी केली होती. दीर चांगलेच होते, बोलायला जागा नव्हती. पण बाईंचा नवरा गेल्यापासून या दोघींनी मिळून पोरं वाढवली, भांडणं केली, अबोला धरला आणि पुन्हा एकाच ताटात जेवल्या. आता म्हातारी दुसऱ्या घरी राहायला जाणार होती. बाईंना सासू हवी होती. हे लोकांना सांगायची चोरी, कोणी विश्वासच ठेवला नसता.

बाई ऑफिसात साहेबांकडे गेल्या. पहिल्यांदा साहेब मीटिंगमध्ये होते, दुसऱ्यांदा जेवायला गेले होते. तिसऱ्यांदा बाई दारातच बसल्या. टेप चुकीची लावली, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. ओटा जेमतेम वीतभर उंच. बसची चाकं ओट्याच्या अलीकडेच राहतील, चाकांमागचा भाग ओट्यावरून मागे जाईल. मोजायचं ते ओट्यापर्यंत नाही, नळापर्यंत. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण ही बाई पिच्छा सोडायची नाही हे त्यांना कळून चुकलं होतं. एकदाच बघू, म्हणाले. कुठे साधा ओरखडा आला तरी विषय संपला.

ठरलेल्या सकाळी रिकामी बस वर आली. अर्धी वस्ती रस्त्याकडेच्या कठड्याला टेकून उभी. सासूबाई इस्पितळाची पिशवी मांडीवर घेऊन दुकानाच्या पायरीवर बसल्या होत्या, जणू रोजचीच बस आहे. साहेब नळाजवळ हाताची घडी घालून उभे राहिले. बाई बसच्या मागे गेल्या. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात बस मागे घेताना त्यांनी थांबायचा ठोका उशिरा दिला होता आणि मागचा दिवा फुटला होता. तेव्हापासून बस मागे येत असताना त्यांनी पापणी लववली नव्हती.

त्यांनी पत्र्यावर दोन ठोके दिले, म्हणजे येऊ द्या. बस सावकाश मागे सरकली आणि ओट्याच्या कडेशी येऊन थांबली. पुन्हा दोन ठोके. बस ढिम्म. पुन्हा दोन. कठड्यावरून कोणीतरी हसलं. बाई तरातरा पुढे, खिडकीपाशी गेल्या.

“आरशात ओटा लागलेला दिसतोय,” ड्रायव्हर म्हणाला. “आणखी मागे घेतली तर नोकरी माझी जाईल.”

“आरशात ओटा दिसतो, त्याची उंची दिसत नाही. मी दिवा फोडलाय, म्हणून सांगते. माझे दोन-दोन ठोके पडताहेत तोवर या. एक ठोका पडला की जागच्या जागी थांबा.”

ड्रायव्हरनं आरशात एकदा पाहून घेतलं. मग त्यानं हात लांब करून आपला लाडका आरसा बाहेरच्या बाजूला फिरवून टाकला, म्हणजे मोह नको.

बाई मागे आल्या. दोन ठोके. बसचं मागचं अंग अलगद ओट्यावर आलं. साहेब दोन पावलं मागे सरले, मग आणखी दोन. दोन ठोके. आता नळ आणि पत्रा यांच्यात हातभर जागा होती, मग वीतभर.

एक ठोका.

बस थांबली. बाईंनी नळ आणि पत्रा यांच्यामध्ये हात घातला. चार बोटं बसली, अंगठ्याला जागा नव्हती. साहेबांनी पुढे येऊन स्वतःचीही चार बोटं घालून पाहिली. इतक्यात ड्रायव्हरनं चाक पूर्ण फिरवलं, बस पुढे घेतली, आणि ती लांबलचक गाडी एका झटक्यात वळून उताराकडे तोंड करून उभी राहिली. भिंतीला धक्का नाही, दुकानाच्या पत्र्याला स्पर्श नाही. कठड्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. ड्रायव्हर खाली उतरला आणि साहेबांना न भेटता आधी बाईंपाशी आला.

“ताई, उद्यापासून आरसा नुसता भांग पाडायला,” तो म्हणाला.

साहेबांनी बसच्या पत्र्यालाच कागद टेकवला आणि जुना हुकूम रद्द केल्याचं तिथेच लिहून सही केली. बाईंनी तो दोनदा वाचला. तोवर सासूबाई कोणाचाही हात न धरता बसची पायरी चढल्या होत्या आणि खिडकीतून सुनेला हाक मारत होत्या.

“धाकट्याला फोन लाव. म्हणावं, त्या खोलीत तुझंच सामान ठेव. मी माझ्या घरीच राहणार आहे.”