कीटोन ३.२ म्हणजे थोडे नव्हे

आई जगदंबेच्या चरणी मस्तक ठेवून आरंभ करतो. तिच्याच कृपेने आमची सून वैशाली काल दवाखान्यातून सुखरूप घरी आली... तरीही मनातला संताप शमलेला नाही.

वैशालीला लहानपणापासून टाइप वन मधुमेह आहे. यंदा तिने नवरात्राचे उपवास धरले. पाचव्या माळेला माझी थोरली बहीण आक्का तिला म्हणाली, "अवं, पोटात दाणा नाही, तं सुई कायले टोचून राह्यली?"

वैशाली देवघराच्या दारात येऊन मला विचारू लागली, इन्सुलिन बंद करू का? मी पाठात होतो. अध्याय पुरा होईपर्यंत बोलायचे नाही, हा माझा चाळीस वर्षांचा नेम... मी मानही वर केली नाही. माझे मौन तिने संमती मानले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला उलट्या सुरू झाल्या, धाप लागली. मशीनवर साखर दोनशे चाळीस. कीटोनची पट्टी वेगळी असते, ती लावली तर ३.२.

आक्काने आकड्यांची तुलनाच मांडली. "साखर दोनशे चाळीस, अन् हे तीन. तीन म्हणजे कायच नाही बाप्पा. लिंबूपाणी पाज तिले."

मशीनच्या डबीत डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद होता. ०.६ च्या खाली ठीक, १.५ च्या वर गेले की डॉक्टरांना फोन, ३ किंवा अधिक असेल तर थेट दवाखाना... तो मी वाचला. गाडी काढली आणि तडक मेहकर गाठले.

डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावता लावता विचारले, "हिचं इन्सुलिन कोणी बंद केलं?"

आक्काने पदर तोंडाशी नेला. मी म्हणालो, "मी."

त्यांनी मग समजावले. इन्सुलिन नसेल तर शरीर चरबी जाळते, त्यातून कीटोन साठतात आणि रक्त आम्लधर्मी होते. उपवासातही इन्सुलिन लागतेच. मात्रा किती, हे डॉक्टर ठरवतील, घरातले वडीलधारे नव्हे!

लेकीसुनांचे प्राण पणाला लावून आपण कोणत्या देवीला प्रसन्न करू पाहतो? राग आक्काचा आहेच, त्याहून अधिक माझ्या नेमाचा आहे. काल सायंकाळी वैशालीने दारातून हाक मारली, तेव्हा मी पोथीवर हात ठेवला आणि अर्ध्या ओवीत तिला ओ दिली.

हे वाचणाऱ्या प्रत्येकाच्या घरी आई आरोग्य नांदवो... आणि वेळेवर बोलण्याची बुद्धी देवो.