लामिओकोरच्या दोरीवरची काजळी

लामिओकोर आमच्या गल्लीची धोबीण. तिचं घर विमानतळाच्या धावपट्टीच्या टोकापासून हाकेच्या अंतरावर. दोरीवरच्या पांढऱ्या कपड्यांवर रोज चिकट काजळी बसायची, आणि तिला खात्री होती की ही सगळी एसिनामची करणी. समुद्रकाठच्या केटा गावाकडून आलेली एसिनाम शेजारच्या अंगणात भट्टीच्या धुरावर मासे सुकवायची.

"तुझ्या माशांनी माझ्या पोटावर पाय आणला गं!" लामिओकोर कुंपणावरून ओरडायची.

"आणि तुझ्या जिभेनं माझे मासे नासले!" एसिनाम तिकडून.

शेवटी लामिओकोरनं गल्लीभर फिरून तक्रारीवर सह्या घेतल्या. मीही केली. नगरपालिकेनं भट्टी पाडली. एसिनाम टोपल्या डोक्यावर घेऊन तेमा बंदराला निघून गेली. जाताना आमच्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

पुढच्याच सोमवारी लामिओकोरनं चर्चच्या गायकांचे झगे वाळत घातले. दुपारी तिची किंकाळी ऐकून मी धावले. झगे तस्सेच काळपट! ती भट्टीच्या पडक्या विटांकडे बघत उभी होती.

तेवढ्यात निवृत्त वैमानिक कॅप्टन आब्लोर शर्ट न्यायला आले. डोक्यावरून मालवाहू विमान गरजत गेलं, मागे धुराची तपकिरी रेघ. त्यांनी झग्यावर बोट फिरवून हुंगलं.

"रॉकेलचा वास आहे, विमानाच्या इंधनाचा. माशांचा नाही."

"मग विमानांनी उडायचंच नाही की काय?" मी म्हटलं.

"उडावं की. पण एवढी लांब धावपट्टी, विमान अर्धं रिकामं, तरी इंजिनाला पूर्ण जोर कशाला? जोर कमी ठेवला तरी आरामात उठतं, काजळीही बरीच कमी होते. आधी नीट गणित मांडावं लागतं, एवढंच."

"तुम्ही मांडायचात?" लामिओकोरनं विचारलं.

कॅप्टननी मान खाली घातली. "घाईत असलो की नाही."

तिनं एक झगा दोरीवरून ओढून काढला. "अकरा वर्षं तुमचे शर्ट धुतेय मी," ती म्हणाली. आणि मग अगदी हळू, "आणि हाकललं कुणाला, तर तिला."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तेमाला एसिनामकडे गेलो. एसिनाम पाठ फिरवून मासे उलटत राहिली.

"चुकले गं मी," लामिओकोर म्हणाली.

"चुकलीस? वर बघितलं असतंस तरी कळलं असतं. पण विमानाशी भांडता येत नाही, माझ्याशी येतं."



परत आल्यावर लामिओकोरनं ते काळपट झगे त्या मालवाहू विमानांच्या कंपनीच्या साहेबाच्या टेबलावर नेऊन पसरले. शरमलेल्या कॅप्टननी सोबत सगळं गणित लिहून दिलं. चार महिने हेलपाटे घातल्यावर हुकूम निघाला, हलकी विमानं कमी जोरानं उठवायची. काजळी घटली, गेली नाही.

एसिनाम परत आली नाही. लामिओकोर आता मासे घ्यायला तेमाला तिच्याकडेच जाते. एसिनाम मासे बांधून देते, बोलत मात्र नाही.