‘मार’ आणि ‘बस’

पुण्यात ‘बास’ म्हणतात. आमचे बाबा शेवटपर्यंत ‘बस’ म्हणाले. भंडाऱ्याकडचा माणूस, ऐन तारुण्यात हडपसरच्या कारखान्यात लागला, बिबवेवाडीत संसार थाटला, रेशनकार्ड इथलं, मतदान इथलं. पण ‘पुरे’ म्हणायची वेळ आली की तोंडातून ‘बस’च निघायचं. आईने वर्षभरात ‘बास’ उचललं. मी तर इथेच जन्मले, त्यामुळे मला ते फुकटात मिळालं होतं, आणि बाबांचं ‘बस’ सुधारायची मला फार हौस होती.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त मास्तर राहायचे. मूळचे कसब्यातले. एकदा त्यांनी बाबांना चहाला बोलावलं, मीही गेले होते. मास्तर कपात चहा ओतत होते. कप भरत आला तसे बाबा म्हणाले, “बस, बस.”

मास्तरांनी किटली तशीच तिरकी धरून ठेवली. “मलाच बसायला सांगताय? घर माझं आहे.”

बाबा इतके हसले की चहा बशीत सांडला. घरी येऊन त्यांनी तो किस्सा आईला तीनदा सांगितला. पुणेरी टोमणा त्यांना कधी लागायचाच नाही, उलट त्याची मौज वाटायची. लाज वाटली होती ती मला.

मी शाळेत असताना कारखान्याने माणसं कमी करायला घेतली. त्याला स्वेच्छानिवृत्ती म्हणत. त्यात स्वेच्छा कुणाची होती हे गेटवरच्या वॉचमनलाही ठाऊक होतं. बाबांनी हातात आलेल्या पैशांतून एक जुनी दहा सीटांची डिझेल गाडी घेतली. डॅशबोर्डवर बोटभर उंचीची बुद्धमूर्ती चिकटवली आणि शाळेची मुलं, लग्नाची वऱ्हाडं, मिळेल ते भाडं मारू लागले. पुढे खराडीला काचेच्या इमारती उठल्या, कंप्युटरवाल्या पोरांना घरून उचलायचं आणि घरी सोडायचं काम निघालं, तसे ते त्यात शिरले. “पोट्टे चांगले आहेत,” ते सांगायचे, “पण गाडीत बसले की झोपतात. कोणी बोलतच नाही.” बोलायला माणूस लागायचं त्यांना.

गाडीचं काम मात्र ते दुसऱ्याच्या हातात देत नसत. कारखान्यात वीस वर्षं पाना धरलेला माणूस. त्यात डिझेलचा फिल्टर बदलणं हा आमच्या घरचा रविवारचा कार्यक्रमच होता, कारण त्याला दोन माणसं लागतात. एक बॉनेटखाली, एक किल्लीवर. बॉनेटखाली बाबा आणि किल्लीवर मी. माझे पाय क्लचपर्यंत पोचत नव्हते तेव्हापासून.

आधी बाबा फिल्टरच्या बाहेरची धूळ पुसून काढायचे, कारण आतला कचरा काढताना बाहेरचा आत गेला तर उपयोग काय. मग खाली डालड्याचा जुना डबा लावून फिल्टरच्या तळच्या वाटीतलं डिझेल सोडायचं. ते काळं असायचं, तळाला पाण्याचा थेंब दिसला की बाबा पंपवाल्याला एक शिवी हासडायचे. जुना कागदी फिल्टर बाहेर, नवा आत. रबरी रिंग नवीन, आणि तिला बसवण्याआधी बोटाने डिझेलचा हात फिरवायचा, नाहीतर तिला पीळ पडतो. वाटी स्वच्छ डिझेलने भरून घ्यायची आणि आवळायची, बेताने. “जोर तर बैलातही असतो,” बाबा म्हणायचे.

एवढ्याने भागत नाही. पेट्रोलच्या गाडीसारखं नसतं हे. फिल्टर उघडला की नळीत हवा शिरते, आणि जरा हवा राहिली तरी डिझेलची गाडी ढिम्म हलत नाही. गाडीने एअर धरली, म्हणतात. ती काढायला फिल्टरवरचा एक छोटा स्क्रू सैल करायचा आणि हातपंप दाबत राहायचं. आधी साबणासारखा फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार आली की स्क्रू आवळायचा. उरलेली हवा इंजिनाजवळच्या नळीतून काढायची, आणि तिथे माझं काम सुरू व्हायचं.

मला बॉनेटच्या पत्र्याशिवाय काही दिसायचं नाही. पलीकडून आवाज यायचा, “मार.” म्हणजे सेल मार, किल्ली फिरव. मी फिरवायची. इंजिन घरघरायचं. “बस.” मी सोडायची. पुन्हा “मार.” पुन्हा “बस.” मग एकदा इंजिन अडखळत, खोकत धरायचं, चालू व्हायचं, आणि बाबा ओरडायचे, “पाय, कशी गोड चालून रायली!” पाय म्हणजे बघ. ते दहा मिनिटं गाडी तशीच चालू ठेवून रिंगभोवती बोट फिरवत बसायचे, कुठे पाझरतंय का बघत. शेवटचं “बस” आलं की मी गाडी बंद करायची.

त्यांचा नियम एकच होता. बॉनेट वर असताना किल्लीवरच्या माणसाने डोकं चालवायचं नाही, फक्त कान चालवायचे. नको तेव्हा सेल मारला तर आत हात असलेल्या माणसाची बोटं जातात. मी तो नियम कधी मोडला नाही. त्याचा मला अभिमानही होता.

पदवी झाल्यावर मलाही खराडीलाच नोकरी लागली. कानाला हेडफोन लावून इंग्लंडातल्या लोकांच्या तक्रारी ऐकायच्या. कामाआधी सहा आठवडे आम्हाला बोलायला शिकवलं. आवाजात हसू कसं ठेवायचं, आपल्याला घाई आहे असं समोरच्याला वाटू न देता कसं ऐकायचं, वगैरे. बाबांना त्याचं अपार कौतुक. “बोलायचा पगार मिळते माझ्या पोरीला,” ते मास्तरांना सांगायचे. मास्तर म्हणायचे, “आमच्याकडे न बोलण्याचा द्यायला हवा.”

त्याच सुमारास बाबांचा आवाज बसला. महिना झाला, दोन झाले. आई म्हणायची डिझेलचा धूर, मी म्हणायची विड्या. बाबा म्हणायचे, “गळ्यानं एअर धरली.” डॉक्टरांनी सांगितलं ते यातलं काही नव्हतं. गाठ होती, आणि ती काढायची तर स्वरयंत्रच काढावं लागणार होतं. माणूस वाचेल. आवाज जाईल. डॉक्टरांनी हे इतक्या सरळ सांगितलं की आईने दोनदा विचारलं, म्हणजे किती दिवस?

दुपारी दवाखान्यात दाखल व्हायचं होतं त्या दिवशी सकाळी बाबा मला म्हणाले, “चाल, फिल्टर बदलून घेऊ.”

मी चिडलेच. “आज? बाबा, मला साडेबाराला कॅब आहे.”

“ड्रायव्हर चालवणार दोन-तीन महिने. मधेच एअर धरली तर पोट्टे रस्त्यावर राहतील.” त्यांचा आवाज तेव्हा इतका फाटला होता की अर्धं वाक्य नुसता वाराच यायचा.

मला रजा मिळाली होती, पण दुसऱ्या दिवसापासून. नोकरी नवी, अजून कायम झाले नव्हते. मी किल्लीवर बसले आणि घड्याळाकडे बघत राहिले. बाबा नेहमीपेक्षा सावकाश करत होते. मार. बस. मार. बस. इंजिनाने धरलं. “गोड चालून रायली” आलं नाही. मला वाटलं, तेवढा आवाज लागत नसेल. दोनच मिनिटं गेली असतील, आणि पलीकडून आलं, “बस.”

इतक्या लवकर कसं, असं मला वाटायला हवं होतं. मला फक्त बरं वाटलं. मी किल्ली बंद केली, पर्स उचलली, खाली उतरले. बाबा बॉनेटच्या आडून पुढे आले होते. हात फडक्याने स्वच्छ पुसलेले, बॉनेट अजून वरच. डावीकडचं दार उघडं होतं. मी म्हणाले, “येते बाबा. उद्या सकाळी आहेच मी तिथे.” त्यांनी मान हलवली. मी कोपऱ्यापर्यंत पळत गेले, आणि कॅब वीस मिनिटं उशिरा आली.

त्या दिवशी मी चाळीसेक परक्या माणसांशी बोलले. एका बाईच्या प्रिंटरसाठी पाऊण तास दिला. तिच्या मांजराचीसुद्धा चौकशी केली. माझ्या साहेबाने ते संभाषण नंतर नव्या मुलांना ऐकवलं, समोरच्याला घाई वाटू न देता कसं बोलावं याचा नमुना म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस रखडली आणि मी दवाखान्यात पोचले तेव्हा बाबांना ऑपरेशनसाठी आत नेऊन दहा मिनिटं झाली होती.

ते वाचले. गळ्याला एक भोक, त्यावर पांढरा कपडा, श्वास तिथूनच. भेटायला मास्तर आले. नातवाची एक खेळण्यातली पाटी घेऊन आले होते, वरचा कागद उचलला की लिहिलेलं पुसलं जातं तसली. एरवी कुणालाही न सोडणारा तो माणूस एवढंच म्हणाला, “पुसायला सोपी आहे.” बाबांनी तिच्यावर पहिलं वाक्य लिहिलं ते मास्तरांसाठी. गळ्याच्या भोकाकडे बोट दाखवून लिहिलं, ‘आता एअर धरणार नाही. स्क्रू उघडाच आहे.’ मास्तर हसले नाहीत. चष्मा पुसत बसले.

शेवटचं काय बोलले, असं येणारा प्रत्येक जण विचारायचा. आईकडे सांगण्यासारखं होतं. रात्री ते तिच्याशी गावाकडच्या नदीबद्दल बोलले होते. माझ्याकडे एक शब्द होता. मी तो विनोद म्हणून सांगायची. “मला काय, ‘बस’ म्हणाले. गाडी बंद कर, एवढंच.” ऑफिसात सांगितलं तेव्हा मैत्रिणींचे डोळे पाणावले, आणि मला ते आवडलंही. मी तो किस्सा पाच महिने सांगत होते.

पाच महिन्यांनी ड्रायव्हर म्हणाला, गाडी चढाला ओढत नाही. बाबांनी पाटीवर लिहिलं, ‘फिल्टर’. रविवार होता. मी किल्लीवर बसले. पाना एकदा ठोकला की मार, दोनदा ठोकला की बस, असं आमचं ठरलं. मडगार्डवर टक. मी सेल मारला. टक टक. सोडला. बॉनेटचा पत्रा समोर, त्यामागे बाबा. डोळे मिटले तर सगळं पूर्वीसारखंच वाटावं, पण मी मिटले नाहीत. चौथ्या खेपेला इंजिनाने धरलं.

थोड्या वेळाने टक टक आलं. मी गाडी बंद केली आणि दार उघडून एक पाय खाली टाकला. बाबा पुढे आले. हात पुसलेले. त्यांनी माझ्या दारावर बोटाने पुन्हा दोनदा ठोकलं.

“केली की बंद,” मी म्हणाले.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मडगार्डवरच्या धुळीत बोटाने लिहिलं, ‘बस’.

“हो, बास. ऐकलं मी, बाबा. बंदच आहे.”

तेव्हा ते फिरून पलीकडे गेले, डावीकडचं दार उघडून आत बसले, आणि माझ्या सीटवर हाताने थोपटलं. मी पाय आत घेतला. मी बसले. त्यांनी पाटी मांडीवर घेतली आणि लिहून माझ्यापुढे धरली.

‘त्या दिवशीपण हेच म्हणालो होतो.’

कुठल्या दिवशी, असं विचारणारच होते आणि मला आठवलं. पुसलेले हात. उघडं दार. दोन मिनिटांत आलेलं ते ‘बस’. आयुष्यभर मी त्या शब्दावरून त्यांना हसत होते, त्याचे दोन अर्थ होतात हे मास्तरांच्या किटलीपासून मला ठाऊक होतं, आणि एका सकाळी तो दुसऱ्या अर्थाने आला तेव्हा मी नियमाप्रमाणे डोकं चालवलं नाही.

मी रडले. मोठ्याने रडले. त्या गाडीत आवाज करू शकणारी मी एकटीच होते. बाबा माझ्या पाठीवर हात ठेवून समोर बघत राहिले.

“काय सांगायचं होतं, बाबा?” मी विचारलं.

त्यांनी बराच वेळ पेन पाटीवर टेकवून धरलं. मग लिहिलं, ‘काही नाही. आवाज होता म्हणून.’

मी वाचल्याचं पाहून त्यांनी कागद उचलला. पाटी कोरी झाली. ती त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली, जणू आता माझी पाळी. मी ती दोन्ही हातांनी धरून ठेवली. बॉनेट तसंच वर होतं, आणि आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसून राहिलो.